नवाबची म्हैस आवाज देईना

नवाबची म्हैस म्हणजे दूध देणारी नव्हे. ती गिटार होती. बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीतला एक गोरा गार्ड बिऱ्हाड आवरून विलायतेला निघाला, तेव्हा जाता जाता त्यानं ती नवाबला देऊन टाकली. तिच्या बारीक तारांचा किणकिणाट काही नवाबला रुचला नाही. त्याचे वडील गुलाम रसूल हे चांद्यातले जुने पिंजारी. घरात त्यांच्या धनुष्याला लावायची तात कायम पडलेली असे. तात म्हणजे आतड्याची वळलेली जाड दोरी. कापूस पिंजताना तिचा तो ‘धुंग, धुंग’ आवाज नवाब पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला. त्यानं गिटारीच्या तारा काढून फेकल्या, तिथं चार ताती चढवल्या आणि एक दिवस आमच्या नाटकाच्या तालमीला घेऊन आला.

त्यानं पहिली तात छेडली आणि आमचा हार्मोनियमवाला दचकून उठला. "हे गिटार हाये का म्हैस?" असं तो म्हणाला, आणि नाव पडलं ते पडलंच.

मी दादाजी. टॉकीजमध्ये सिनेमाची मशीन चालवायचो. त्यामुळे सारा चांदा मला विजेच्या वस्तूंचा जाणकार समजे, आणि मीही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. थंडीत धान कापून झाले, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट सुरू झाले, की आमची नाटकमंडळी गावोगाव जायची. मंडळीचे मालक गुणवंतराव. जंगलाचे ठेकेदार, पण जीव सगळा नाटकात. सागवानाचा भाव त्यांना मुनिमाला विचारावा लागे. पदं मात्र सगळी पाठ.

म्हैस आल्यापासून आमच्या नाटकांची कळाच बदलली. खलनायक मंचावर यायच्या आधी पडद्यामागून म्हैस यायची. मांडवातल्या बाया लेकरांना पोटाशी ओढायच्या, पुढं बसलेले म्हातारे बिडी विझवायचे. तो आवाज कानात कमी आणि पोटात जास्त वाजायचा. आमचा खलनायक तसा काडीपैलवान होता, पण म्हशीच्या जोरावर दोन हंगाम गाजला.

अशात नागपूरच्या एका मोठ्या नाटक कंपनीला नवा वाजवणारा हवा आहे, असं गुणवंतरावांच्या कानावर आलं. त्यांनी कंपनीच्या मालकाजवळ नवाबची इतकी तारीफ केली, की तो म्हणाला, "ठीक आहे, पण मी काही तुमच्या जंगलात येत नाही. आवाज आणून ऐकवा." आता आवाज कसा आणायचा? पण गुणवंतराव हौशी माणूस. त्यांनी मुंबईहून एक जर्मन टेपरेकॉर्डर मागवला. एका माणसाला उचलता उचलत नसे अशी ती पेटी होती. माझ्या ताब्यात देऊन ते म्हणाले, "दादाजी, शनिवारच्या गाडीनं मी नागपूरला जाऊन राह्यलो. तोवर आवाज भरून दे."

नवाबची सारी भिस्त या टेपवर होती. त्याच्या मामानं त्याच्यासाठी कोळशाच्या खाणीत नोकरी पक्की केली होती. कंपनीनं घेतलं तर वाजवून पोट भरता येणार होतं. नाही घेतलं तर पुढच्या आठवड्यात डोक्याला दिवा बांधून जमिनीखाली. "खाणीत उतरलो तर म्हैस कोणाले तरी देऊन टाकीन," तो मला म्हणाला होता. "रोज तिच्याकडे पाहवणार नाई, दादाजी." हे तो हसत हसत म्हणाला होता, म्हणूनच मला जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट आताच सांगून टाकतो. नवाबच्या बापानं त्याला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. भांडण नव्हतं, राग नव्हता. त्या घराची रीतच तशी होती. रसूलचाचा आले की नवाब खाटेवरून उठे, बिडी लपवे, बोलला तरी अर्ध्या आवाजात. बापासमोर आवाज चढवायचा नाही, मग बाजा वाजवणं तर लांबच. तो सराव करायचा इरई नदीच्या काठी, धोब्यांच्या दगडांवर बसून. चाचा त्या वेळी कोणाच्या तरी अंगणात गाद्यांचा कापूस पिंजत असायचे. महाकालीच्या जत्रेत आमचं नाटक झालं तेव्हा अख्खी गल्ली लोटली, चाचा तेवढे आले नाहीत. बाप समोर बसला तर पोरगा वाजवेल कसा, हा त्यांचाच विचार. दोघं एकमेकांचा इतका मान राखायचे की एकमेकांना ऐकूच यायचे नाहीत.

तर शनिवारी सकाळी मी पेटी घेऊन नवाबच्याच घरी गेलो. गुणवंतरावांच्या वाड्यात लग्नाचे पापड लाटणं चाललं होतं, तिथं बायांच्या गलक्यात काय भरणार? टॉकीजमध्ये खेळ; मशीन त्या दिवशी मदतनिसावर सोपवून आलो होतो. नवाबचं घर मीच निवडलं, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटत होता. पिंजाऱ्याचं घर, छताला भिडेल इतका कापूस भरलेला. रस्त्यावरचा टांगा, फेरीवाला, कुत्रं, काही आत यायचं नाही. वीज शेजारच्या नथ्थूच्या आटाचक्कीतून तार ओढून घेतली. नथ्थूनं चक्की दिवसभर बंद ठेवायचं कबूल केलं. सारी गल्ली पुण्यकर्म असल्यासारखी चूप बसली होती.

रसूलचाचा आम्हाला पाहून लगेच उठले. धनुष्य खांद्यावर टाकलं. "मले जटपुऱ्यात काम हाये," म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले. नवाबनं ते गेल्यावरच म्हैस भिंतीवरून काढली.

आता त्या पेटीवर एक हिरवा डोळा होता. काचेच्या नळीत दोन हिरव्या पाकळ्या. आवाज पुरेसा जोरात आला की त्या पाकळ्या एकमेकींना भिडायच्या, डोळा मिटायचा. आवाज कमी पडला तर डोळा सताड उघडा. मी माइक समोर धरून "हॅलो हॅलो" केलं, डोळा झटकन मिटला. नवाबची आई साबिराचाची खिडकीतून शेजारणीवर ओरडली, तेव्हाही मिटला. मग मी ऐटीत म्हणालो, "हं नवाब, सोड म्हैस."

नवाब वाजवू लागला. डोळा उघडाच. पाकळ्या जरा थरथरल्या, एवढंच. टेप मागं फिरवून ऐकलं तर सगळी खरखर, आणि तिच्या आड कुठं तरी दूर म्हैस डुंबत बसली आहे असा भास.

"माइक दूर हाये," मी म्हणालो, आणि जवळ नेला. तेच. मग गिटारीच्या तोंडाशी नेला. तेच. मग बटण पिळलं, शेवटापर्यंत. आता टेपमध्ये साबिराचाचीच्या बांगड्या आल्या, छपरावरचा कावळा आला, माझाच श्वास आला, इतका मोठा की मला दमा आहे की काय असं वाटलं. म्हैस तेवढी आली नाही.

"लाइट कमी येऊन राह्यली असेल," नवाब हळूच म्हणाला.

"चूप बस बे. लाइटचं मले सांगू नको."

पण मनात मलाही तीच शंका होती. नथ्थूकडं जाऊन तार तपासली. तार चांगली होती. परत येऊन मी खोलीभर नजर फिरवली आणि कपाळावर हात मारला. कापूस! ज्या कापसानं बाहेरचा गलका गिळला, तोच कापूस आतला आवाजही गिळत असणार. माझ्याच हुशारीनं मला बुडवलं होतं. पण चूक कबूल केली तर जाणकार कसला? मी नुसता हुकूम सोडला, "हा कापूस बाहेर काढा."

मग काय विचारता. गल्लीतली झाडून सारी माणसं आली. गठ्ठे ओट्यावर, गठ्ठे चक्कीत, गठ्ठे समोरच्या कडुलिंबाखाली. जाता येता ज्याच्या त्याच्या डोक्यावर, मिशीवर कापूस. पुढची खोली रिकामी झाली. मागच्या खोलीतल्या ढिगाला हात लावू लागलो तर साबिराचाची आडवी आली. "तो राहू दे. तो गादीसाठी निवडून ठेवलेला हाये."

रिकाम्या खोलीत आवाज जरा घुमायला लागला हे खरं. मी गिटारीचं बूड लाकडी पेटाऱ्याला टेकवून वाजवायला लावली, तेव्हा पाकळ्या अर्ध्यापर्यंत सरकल्या. अर्ध्यावर थांबल्या. मी त्या डोळ्याकडं पाहत होतो आणि तो माझ्याकडं. तो मला हसतोय असं मला वाटू लागलं.

दुपार उलटली. माझं डोकं तापलं. मी ओरडलो, "काऊन बे नवाब! मांडवात तुह्या एका फटक्यानं लोकाइच्या पोटात गोळा येते, अन् इथी काय अंडं उबवून राह्यला? जोरानं मार ना!"

"मारून राह्यलो ना जी," तो म्हणाला. मान खाली. "हातच उठत नाई."

"काऊन उठत नाई? जेवला नाई का?"

 तेवढ्यात साबिराचाची चहा घेऊन आली. एक कप मला, एक नवाबला. तिसरा कप घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि हात हलवत रिकामी परत आली. आता मागच्या खोलीत माणूस नाही, नुसता कापसाचा ढीग. कापूस चहा पितो असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मी उठलो आणि पाहायला गेलो.

ढिगाच्या मागं, भिंतीला पाठ लावून, रसूलचाचा बसले होते. गुडघ्यावर धनुष्य, हातात बशी. दाढीत इतका कापूस की दाढी कुठं संपते ते कळत नव्हतं. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मी नाई इथी," ते कुजबुजले. "मी जटपुऱ्यात हावो."

"चाचा! कधीपासून?"

"सकाळपासून. गल्लीला वळसा घालून मागून आलो." मग पोरासारखे शरमले. "नाटकात तर जाता येत नाई ना बाबू. म्हटलं आज घरीच वाजवून राह्यला, कापसाआडून ऐकून घेऊ. त्याले मालूम नाई पडत. पण मलेही नीट ऐकू येऊन नाई राह्यलं. असाच वाजवते का तो? इतका हळू? यालेच लोक म्हैस म्हणतेत?"

त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा पाहून माझा राग कुठल्या कुठं गेला. इतकी वर्षं ज्याची तारीफ गल्लीभर ऐकली, तो पोरगा ऐकायला माणूस सकाळपासून कापसात दबून बसला होता, आणि ऐकू काय आलं? तर कुजबुज.

मी बाहेर आलो. नवाबनं मान वर न करता विचारलं, "अब्बा हायेत ना?"

"नाईत. जटपुऱ्यात हायेत."

"दादाजी, त्याइच्या चपला मागच्या दारात हायेत. मले सकाळपासूनच मालूम हाये." त्यानं तातीवर बोट फिरवलं. "त्याइले वाटते मले मालूम नाई. मीही मालूम असल्याचं दाखवून नाई राह्यलो. पण ते तिथी बसून असताना माहा हात उठत नाई. मी काय करू? माइक बदला, खोली बदला, हात तोच हाये."

म्हणजे तार ठीक, माइक ठीक, जर्मन पेटी ठीक, कापूसही बिचारा निर्दोष. बिघाड या बापलेकांच्या अदबीत होता, आणि हा बिघाड दुरुस्त करायचा पेचकस माझ्याजवळ नव्हता. गाडीची वेळ जवळ येत चालली होती. गुणवंतरावांचा टांगा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. ते घड्याळ काढून ओट्यावर चढले. "झालं का रे?" म्हणाले, आणि डोक्यापासून पायापर्यंत कापसानं माखलेला मला पाहून पुढं काही विचारायच्या भानगडीत पडले नाहीत.

चाचांना खरंच बाहेर पाठवावं, असा एक विचार आला. पण मघाचा तो चेहरा डोळ्यांसमोर होता. कोणत्या तोंडानं सांगू, की चाचा तुम्ही जा, तुम्ही असलात की तुमचा पोरगा वाजवू शकत नाही? शिवाय ते जटपुऱ्यात गेले काय नि हैदराबादेत गेले काय, आता नवाबच्या डोक्यातून ते कुठं जाणार होते?

माझा संयम तसाही आखूडच. मी मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि ढिगाकडं तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, "चाचा! तुमी इथी बसून राह्यले हे त्याले मालूम हाये. त्याले मालूम हाये हे आता तुमालेही मालूम झालं. तुमच्या अदबीपायी त्याचा हात उठत नाई अन् त्या हातापायी तो चालला खाणीत! काई तरी करा, नाई तर गाडी सुटते!"

 गुणवंतरावांनी घड्याळ खिशात ठेवलं. नवाबचा चेहरा तर पांढरा पडला. मला वाटलं, झालं, आता या घरात आपल्याला पाणीही मिळायचं नाही. मी मुकाट पेटीपाशी आलो आणि काही तरी करायचं म्हणून टेप सुरू केली. चाकं फिरू लागली. हिरवा डोळा उघडा.

नवाबनं तात छेडली. हळू. नेहमीसारखीच.

आणि ढिगामागून आवाज आला. पिंजाऱ्याचा आवाज, आयुष्यभर धनुष्याच्या दणदणाटावर चढून बोललेला.

"जोरानं मार! तात हाये का दोरा? माहा हुकूम हाये, मार!"

आता पाहा नवाबची पंचाईत. बापासमोर आवाज चढवायचा नाही, ही रीत. आणि बापाचा शब्द मोडायचा नाही, हीही रीतच, आणि पहिलीपेक्षा जुनी. क्षणभर तो दोन्ही रीतींच्या मध्ये अडकला. मग त्यानं डोळे मिटले आणि हात उचलला.

तो पहिला फटका मी जन्मात विसरणार नाही. पेटाऱ्यावरची पितळी भांडी वाजली. ओट्यावर गुणवंतरावांनी खांब धरला. आणि तो हिरवा डोळा, ज्यानं दिवसभर माझा छळ मांडला होता, तो गपकन मिटला. मला बटण मागं फिरवावं लागलं. आवाज कमी करायला! मी हसत होतो, नथ्थू नाचत होता, साबिराचाची पदरानं डोळे पुसत होती. आणि नवाब वाजवतच राहिला. खलनायकाचं वाजवलं, लग्नाचं वाजवलं, मग त्यानं बापाचं पिंजण वाजवलं, तेच ‘धुंग, धुंग’, पण असं की त्यात कापूस उडताना दिसावा. ढिगामागून मधे मधे "हां! हां!" असं येत होतं. तेही टेपमध्ये शिरत होतं, शिरू दिलं.

टेप संपली. गुणवंतराव म्हणाले, "सुरुवातीची ती आरडाओरड पुसून टाक."

"पुसायले वेळ नाई," मी म्हणालो. वेळ होता. पण पुसवलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते नागपूरहून परत आले ते थेट पिंजाऱ्याच्या घरी. कंपनीच्या मालकानं टेप दोनदा ऐकली म्हणे. पहिल्यांदा ऐकून विचारलं, हा हुकूम सोडणारा कोण? बाप आहे म्हटल्यावर पोट धरून हसला. दुसऱ्यांदा ऐकताना हसला नाही. नवाबला वर्षाच्या बोलीवर घेतलं. मामाला खाणीसाठी दुसरा भाचा शोधावा लागला.

नवाब निघायचा त्या सकाळी मी त्याला स्टेशनवर सोडायला म्हणून गेलो, तर वळकटी दारात आणि बापलेक आतल्या खोलीत. कापूस पुन्हा जागच्या जागी गेला होता. चाचा खाटेवर, नवाब खाली जमिनीवर, मांडीवर म्हैस.

"त्या दिवशी तू माह्या हुकमानं वाजवलं," चाचा म्हणत होते. "आज हुकूम नाई. तुह्या मर्जीनं वाजव. जाण्याच्या आधी एक डाव."

नवाबनं मान डोलावली, तात छेडली. आणि झालं! पुन्हा तीच कुजबुज. कानापर्यंत लाल झाला बिचारा. पुन्हा छेडली, आणखीच हळू. माझ्या तोंडावर शिवी आली होती, ती मी गिळली.

चाचांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. ओरडले नाहीत. खाटेवरून उठले, खाली बसले आणि हळूहळू फिरून, पोराकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड केलं.

"हं," ते भिंतीला म्हणाले. "आता मी तुह्या समोर नाई."

नवाबनं त्या पाठीकडं पाहिलं. डोळे भरून आले त्याचे, आणि माझेही आले, उगाच खोटं कशाला बोलू. मग त्यानं हात उचलला आणि असं वाजवलं, असं वाजवलं, की गाडीची वेळ कोणाच्याच ध्यानात राहिली नाही. चाचा शेवटपर्यंत भिंतीकडं तोंड करून बसले होते. फक्त त्यांची मान डोलत होती.